सभासद कमी करण्याचा ठराव

ठराव भाग्यश्रीलाच लिहायचा होता. गटाची सचिव ती, आणि बँकेत दाखवण्यासारखं अक्षरही तिचंच. अंगणवाडीच्या ओट्यावर बचत गटाच्या अकराही बायका जमल्या होत्या. तिनं रजिस्टरात तारीख टाकली, विषय लिहिला आणि नेहमीसारखा मोठ्यानं वाचला.

"सभासद भाग्यश्री यांचे नाव गटातून कमी करणेबाबत."



"सायबाला परत एकदा विचारून बघायचं का गं?" अध्यक्ष नंदा म्हणाली.

"किती वेळा विचारणार, नंदाताई? परवा फारकतीचा कागदसुद्धा दाखवून आलो."

त्या कागदावर शेवटची ओळ होती, यापुढे दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. नेरळच्या बँकेतल्या साहेबांनी ती नीट वाचली होती आणि कागद होता तसा घडी घालून परत दिला होता. "हे तुमचं दोघांचं ठरलं. बँक कुठे होती यात?"

हर्षद तेव्हा तिचा नवरा होता; त्याच्या टेंपोच्या कर्जावर त्याच्या सहीखाली तिची सही होती. टेंपो घेऊन तो पनवेलला गेला, हप्ते थांबले आणि थकबाकीदार म्हणून बँकेत दोघांचीही नावं लागली. फारकतीच्या दिवशी पंचांनी पितळेचे डबेसुद्धा मोजून वेगळे केले होते. त्या सहीची आठवण कुणाला झाली नाही. तिला स्वतःलाही नाही.

आता ती गटात राहिली तर गटाला भातगिरणीचं कर्ज मिळणार नव्हतं. गिरणीसाठी जागा तिनं शोधली होती. विजेचा अर्ज तिनं केला होता, मशीन बघायला कर्जतला दोनदा जाऊन आली होती.

"गिरणी चालू झाली की तू येच कामाला," संजना म्हणाली. "दिवसाचा रोज देऊ ना आमी तुला."

"चांगला द्या पण. मागच्या वर्षी लावणीला दिला तसला नको."

दोघीतिघी हसल्या आणि लगेच रजिस्टराकडे बघायला लागल्या.

"सूचक कोण?" भाग्यश्रीनं विचारलं.

नंदा नखानं चटईची काडी उचकटत बसली. जिजा बाहेर रस्त्याकडे बघत होती. मग भाग्यश्रीनं सूचकापुढे आपलंच नाव लिहिलं.

"असं चालतं?" जिजानं विचारलं.

"सह्या होईपर्यंत मी सभासद हाय."

"अनुमोदक माजं टाक," नंदा खाली बघूनच म्हणाली.

सह्यांसाठी रजिस्टर फिरत फिरत खांबापाशी गोदूबाईकडे आलं. गोदूबाई म्हणजे हर्षदची आई. फारकतीनंतर दोन वर्षं दोघी दर महिन्याला या ओट्यावर बसत होत्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. बोलायचं असेल ते नंदामार्फत.

गोदूबाईनं रजिस्टर पुढे ढकललं.

"माजं नाव काढ. पोरगा माजा. तू रहा."

भाग्यश्रीनं रजिस्टर परत तिच्याकडे सरकवलं.

"तसं नाय करता येत. तुमी बँकेला चालता. मी चालत नाय."

"मग दोगींची काढ."

"नऊ उरतील. दहा लागतात."

गोदूबाईनं बोट पुढे करून बायका मोजल्या. नंदापासून सुरुवात केली, शेवटी स्वतःच्या छातीला बोट लावलं. मग परत मोजल्या. या वेळी भाग्यश्रीपाशी बोट अडखळलं आणि तिला ओलांडून पुढे गेलं.

"म्हंजी मला रायलाच पायजे."

"हो."

भाग्यश्री उठून शाईचा पॅड घेऊन तिच्याजवळ जाऊन बसली. तिचा अंगठा पॅडवर टेकवला, मग कागदावर. अंगठा सरकला. उठला तो नुसता निळा डाग.

"फिसकटला. बँकवाले परत पाठवतील. बाजूला अजून एक घेऊ."

गोदूबाईनं हात पदराखाली घेतला.

बायका थांबल्या होत्या. कुणाचं तरी चुलीवर काही ठेवलेलं होतं, ती उठू की नको करत होती.

"आई," भाग्यश्री म्हणाली. "अंगठा द्या."

गोदूबाईनं हात बाहेर काढला. अंगठा आत घेऊन मूठ घट्ट मिटलेली होती. भाग्यश्रीनं ती मूठ आपल्या मांडीवर घेतली आणि एकेक बोट उघडायला लागली.