उतरायला जागा

"तुमच्या अमेरिकन साहेबाला सांगा ताई, ते उडतं यंत्र पाठवा म्हणावं," साउ किन्ह म्हणाला.

चार तास होडी वल्हवून तो खुएनच्या दारात आला होता. तळहात सोलवटले होते, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. व्हाम साऊच्या वाडीत त्याची मुलगी न्हान कालपासून अडली होती. बाळाचा एक हात तेवढा बाहेर आला होता.

खुएन सुईण होती. हात आधी बाहेर आला की सुईणीच्या करण्यासारखं काही उरत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पोट कापणारा डॉक्टर नदीपलीकडच्या शहरात. होडीनं अख्खा दिवस.

"मी येते. होडीतूनच नेऊ तिला."

"होडीत मरेल ती."

खुएन हळूच म्हणाली, "दादा, ते यंत्र एकटं येत नाही हो."

फ्रेंच निघून गेले त्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. त्यांच्यामागे सायगॉनचं सरकार आलं, सरकारविरुद्ध जंगलातली पोरं उभी राहिली, आणि सरकारी शिपायांना शिकवायला कॅप्टन हॅगन या तालुक्याच्या गावी आला. सोबत दोन माणसं आणि एक वायरलेस. "आम्ही लढायला नाही आलो, सल्ला द्यायला आलोय," असं तो भेटेल त्याला सांगायचा, आणि मनापासून सांगायचा. मागच्या वर्षी खुएनची सून अशीच अडली, तेव्हा खुएन त्याच्या दारात जाऊन बसली. जुन्या दवाखान्यात शिकलेल्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये तिनं त्याला विनवलं. त्याचंही फ्रेंच तसलंच. गावकऱ्यांसाठी ते यंत्र, हेलिकॉप्टर, मागवायची त्याला परवानगी नव्हती. तरी त्यानं वायरलेस उचलला. सून वाचली, नातूही वाचला.

सुनेला परत आणून सोडलं आणि निघताना नारळीच्या बागेतून गोळ्या आल्या. यंत्र भातात कोसळलं. वैमानिकाच्या मोडलेल्या मांडीला फळ्या खुएननंच बांधल्या. त्या मोडक्या यंत्रावर पहारा करायला बारा अमेरिकन सैनिक आले. आठवडाभरात कुणीतरी त्यांच्या तंबूवर हातबॉम्ब टाकला. दोघं मेले. मग साठ आले, आणि सल्ला द्यायला आलेल्यांनी पहिल्यांदा स्वतः गोळ्या झाडल्या. बाग तोडली. बागेमागची एकवीस घरं जाळली, कारण गोळ्या तिकडूनच आल्या होत्या. जळालेल्या घरांतली पोरं जंगलात गेली. आता तारेच्या कुंपणाआड दोनशे परदेशी राहत होते, आणि हॅगननं सल्ल्याची भाषा कधीच सोडली होती.

यात थांबायला कुठे हवं होतं, हे खुएननं पुष्कळदा आठवून पाहिलं होतं. एकेक पायरी ती मागे मागे जायची. पहिल्या पायरीवर सुनेचा घामेजलेला चेहरा दिसायचा, आणि तिथं तिचा विचार अडायचा.

हे सगळं तिनं साउ किन्हला सांगितलं, जमेल तसं. आत चटईवर तिचा नातू तेओ पातेल्यावर पळी आपटत होता. म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला.

"तुमच्या सुनेसाठी बोलावलंत ना, ताई?"

बोलण्यात टोमणा नव्हता. नुसतं विचारलं होतं त्यानं. खुएननं पायात चपला सरकवल्या.

हॅगन कुंपणाच्या फाटकापाशी आला. वर्षभरात तो फार वाळला होता. तिनं बोलायच्या आधीच, तिच्यामागे हात जोडून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला पाहून त्याला समजलं.

"पुन्हा?"

"पुन्हा. व्हाम साऊला."

"तिथं आजवर आमचा एकही माणूस गेलेला नाही."

"ठाऊक आहे."

"पुढे काय होतं तेही तुम्हाला ठाऊक आहे, मादाम."

"हो. तुम्ही नाही म्हणा. मी तुम्हाला बोल लावणार नाही."

हॅगनची नजर म्हाताऱ्याच्या सोलवटलेल्या हातांकडे गेली. मग तो वळला, तंबूत गेला आणि कानाला वायरलेस लावून दारात आला. वायर ताणली गेली होती.

"विचारा त्याला," तो म्हणाला, "तिकडे उतरायला जागा आहे का?"

खुएननं विचारलं.

साउ किन्ह सकाळपासून पहिल्यांदा हसला. पुढचे दात पडलेले, तरी तोंडभर हसला. "भात परवाच कापलाय की! सगळं रान मोकळं पडलंय. एक कशाला ताई, दहा यंत्रं उतरतील, शंभर माणसं मावतील म्हणावं!"

हॅगन तिच्या तोंडाकडे बघत थांबला होता.

"आहे," खुएन फ्रेंचमध्ये म्हणाली. "एकापुरतीच आहे."