शेवटची ट्रायल

वडील गेले आणि महिनाभरातच दादाने तिला त्यांच्या गॅरेजमधून बाहेर काढलं. "बाईमाणसाला इंजिनातलं काय कळतंय?" असं भर गिऱ्हाइकांसमोर म्हणाला. तिने दोन गल्ल्या सोडून स्वतःचं गॅरेज टाकलं, पण ते वाक्य काही तिच्या घशाखाली उतरलं नाही.

एके दिवशी एक अनोळखी माणूस बंद पडलेली गाडी ओढत घेऊन आला. "साहेबांची आहे. इथे आणलीय हे तेवढं कुणाला कळू देऊ नका, ताई."

तिने इंजिन उघडलं. आतला एकेक बोल्ट नको इतका आवळून आटे पार घालवलेले. हा आडदांड हात तिच्या ओळखीचा होता. त्याने घालवलेले आटे निस्तरायला वडील लहानपणापासून तिलाच बसवायचे. ती तीन दिवस खपली आणि चौथ्या दिवशी सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

गाडी न्यायला आलेल्या त्या माणसाला ती म्हणाली, "बसा शेजारी, ट्रायल घेऊ." तिने गाडी चढावर नेली, गर्दीत नेली, चांगली तापू दिली. मग ओळखीच्या गल्लीत वळवली, तसा त्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला. "इकडे नको ना, ताई!"



दादाच्या गॅरेजच्या दारात, ताटकळत बसलेल्या गिऱ्हाइकांच्या पुढ्यात, तिने चालू गाडीचं बॉनेट उघडलं आणि हाक मारली, "दादा, तू गुपचूप पाठवलेली गाडी झाली रे! ये, ऐकून सांग, बाईमाणसाला जमलंय का?"