शेवटच्या शुक्रवारचा सराव

“हे पाठ केलेलं आहे,” शालनबाई म्हणाल्या. “बाबा मस्कतला असतात, दर रविवारी फोन करतात, अभ्यासाची चौकशी करतात. बातम्या देतेयस का गं?”

सान्वीने मान खाली घातली. दहा वर्षांची पोर, दोन घट्ट वेण्या, हात मांडीखाली दाबून बसलेली.

घाटावरच्या मुलींच्या निवासी शाळेत पाचवीची एक जागा मध्येच रिकामी झाली होती. लेखी परीक्षा सान्वीने छान दिली होती. आता फक्त सोमवारची मुलाखत उरली होती. शालनबाई निवृत्त झाल्यापासून डोंबिवलीच्या राहत्या घरी अशा मुलाखतींची तयारी करून घेत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली सहसा निवडल्या जात.

सान्वीची आई संचिता तिला शहाडहून घेऊन येई आणि सराव संपेपर्यंत तिथेच थांबे. सोफा मोकळा असला तरी दाराजवळची खुर्ची घेई, देवघराकडे पाठ करून. शालनबाईंना पहिल्या दिवशी ते खटकलं होतं. मग त्यांना वाटलं, पोरीवर नजर राहावी म्हणून बसत असेल.

“वडिलांबद्दल विचारणारच ते,” शालनबाई म्हणाल्या. “आई-वडील दोघं समोर हवे असतात त्यांना. एकटी आई आली की पोरीला खोदून विचारतात. तिथे अडखळलं की संपलं.”

“तेवढंच बसवून घ्या, बाई. बाकी सगळं येतं तिला.” संचिता पुढे सरकली. “हिला आत घेतलंच पाहिजे हो त्यांनी. दिवाळीपर्यंत घरी सोडत नाहीत ना?”

“नाही सोडत. का, आत्तापासूनच रडू येतंय?”

“नाही,” संचिता म्हणाली. “बरंच आहे ते.”

शालनबाई सान्वीकडे वळल्या. “हे बघ बाळ, मोठं काही सांगू नकोस. एखादी बारीकशी गोष्ट सांग, फक्त तुलाच ठाऊक असलेली. पाठ केलेलं त्यांना लगेच कळतं. आठवून सांगितलेलं आवडतं. आधी सोपं विचारते. तुझ्या घराच्या खिडकीतून काय दिसतं?”

“नदी.” सान्वीने जरा विचार केला. “पण आई आता ती खिडकी उघडत नाही.”

“डास येतात,” संचिता म्हणाली.

“बरं. आता बाबा.”

सान्वीने छताकडे पाहिलं. “बाबा झोपले ना, की उठतच नाहीत. मी एकदा खूप हलवलं. आई म्हणाली, झोपू दे त्यांना.”

शालनबाईंना हसू फुटलं. “आमचे हेही तसेच! कानाशी ढोल बडवा, कूस बदलणार नाहीत. बघ, किती छान सांगितलंस. हेच सांगायचं.”

“ते नको.” संचिताच्या हातातल्या भांड्यातलं पाणी ओढणीवर सांडलं होतं. “वडील आळशी वाटतील. दुसरं काहीतरी घ्या.”

“अगं, असंच तर हवं असतं त्यांना.”

“दुसरं घ्या, बाई. प्लीज.”

मग दुसरं शोधलं. बाबा वागळे इस्टेटच्या कारखान्यात होते तेव्हा येताना खिशातून चिंचेच्या गोळ्या आणायचे. कागदाला चिकटलेल्या असायच्या, सान्वी कागदासकट चोखायची. ते सांगताना पोरगी खुलली. त्यानंतर क्षणभर थांबायचं, मग समोरच्याच्या डोळ्यांत बघून सावकाश म्हणायचं, आता ते मस्कतला असतात. हे शालनबाईंनी तिच्याकडून पुन्हा पुन्हा घोटून घेतलं. हळूहळू सांधा दिसेनासा झाला. आठवलेलं कुठे संपतं आणि पाठ केलेलं कुठे सुरू होतं, ते खुद्द शालनबाईंनाही ओळखू येईना.

“झालं,” त्या म्हणाल्या. “आता हिला कुणी पकडू शकत नाही.”

संचिता जाताना त्यांच्या पाया पडली. बराच वेळ वाकूनच राहिली.

शेवटचा सराव शुक्रवारी दुपारी होता. श्रावणातला शेवटचा शुक्रवार. शालनबाईंकडे या महिन्यात दर शुक्रवारी जिवतीची पूजा आणि एक सवाष्ण जेवायला, हा नेम कधी चुकला नव्हता. ती जेवल्याशिवाय त्या पाणीही घेत नसत. या खेपेला शेजारची प्रीती यायची होती. पुरण वाटून झालं आणि तिचा फोन आला, लेकीला ताप भरलाय, डॉक्टरकडे निघालेय.

शालनबाई हात जोडून जिवतीच्या कागदासमोर उभ्या होत्या. तेवढ्यात बेल वाजली. दारात संचिता, मागे सान्वी.

“बघ, देवीनंच धाडलं तुला!” शालनबाईंचा चेहरा उजळला. “आज तूच माझी सवाष्ण. सराव काय, जेवल्यावर करू.”

संचिता उंबऱ्यातच थांबली. “मी नको, बाई.”

“उपास आहे का?”

“नाही.”

“मग अडचण आहे?”

“नाही, तसं काही नाही.”

“मग लाजतेस काय? मी सकाळपासून उपाशी आहे गं. सान्वी, ओढ बघू आईला आत.”

सान्वीने आईचा हात धरून तिला आत आणलं. देवघरासमोर पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. संचिता बसली ती अंग चोरून, नजर रांगोळीवर ठेवून. शालनबाईंनी समईची वात सारखी केली, करंडा उघडला आणि हळदीचं बोट तिच्या कपाळाकडे नेलं.

संचिताने त्यांचं मनगट धरलं.

“अगं, असं काय करतेस? सौभाग्याचं लेणं आहे. तुझे विनीतराव तिकडे परमुलखात, त्यांच्यासाठी तरी लावून घे.”

संचिताने मनगट सोडलं नाही. तिने सावकाश मान वर करून जिवतीकडे पाहिलं.

“लोकांसाठी मी रोज लावते, बाई,” ती म्हणाली. “देवीसमोर नका लावू.”