नावाच्या पट्ट्या

लोणी काळभोरच्या वृद्धाश्रमात धुण्याला टाकलेले कपडे एकमेकांत मिसळतात, म्हणून नम्रता आईच्या गाउनांना नावाच्या पट्ट्या शिवत होती. आई, एस्तेरबाई, शेजारी बसून बघत होत्या. हल्ली त्यांना पोटच्या लेकीची ओळख पटत नसे. लहानपणीचं, कॅम्पातल्या मिशन शाळेचं बोर्डिंग तेवढं लख्ख आठवे. तिथेही मुलींच्या फ्रॉकांना अशाच पट्ट्या शिवून द्याव्या लागत.

शेवटचा दोरा तोडताना नम्रताला रडू आवरेना. एस्तेरबाईंनी पदर नसलेल्या गाउनच्या बाहीनंच तिचे डोळे पुसले.

"रडू नकोस गं आई, बोर्डिंगात मी शहाण्यासारखी राहीन. नाताळात मात्र आठवणीनं न्यायला ये. मागच्या खेपेला सगळ्या मुली गेल्या आणि मी एकटीच फाटकाशी उभी होते."