उपडा चमचा

परदेशातली मळेवाली बाई दारात आली आणि धाकटीनं तिच्याच भाषेत तिला "या, बसा" केलं, तसं थोरलीच्या पोटात दुखायला लागलं.

दोघी जावा. कॉफी भाजायचा कारखाना सासऱ्यांचा, आणि यंदा परदेशातल्या मळ्यांवर जाऊन माल निवडायला दोघींतली एकच जाणार होती. थोरली तेरा वर्षं कॉफी चाखत होती. धाकटीला येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं, पण तिनं घोकून घोकून स्पॅनिश पाठ केलं. मळा म्हणजे फिंका, डोंगर म्हणजे मोंतान्या, फूल फ्लोर, मध मिएल. कारखान्यातल्या डब्याडब्यावर तिच्या चिठ्ठ्या! सासरे येता-जाता त्या वाचायचे आणि कौतुकानं मान डोलवायचे. थोरलीच्या जिभेला तेरा वर्षांत कुणी चिठ्ठी लावली नव्हती.

टेबलावर मळेवालीच्या मालाचे पाच कप मांडले होते. चाखताना बोलायचं नाही, हा सासऱ्यांचा नियम. कप बिघडलेला लागला तर त्याच्यापुढे चमचा उपडा ठेवायचा, बस्स.

थोरलीनं चौथ्या कपातला घोट चमच्यानं सुर्रकन ओढला. बुरशी. तिचा हात सवयीनं वळलासुद्धा. मग तिनं धाकटीकडे पाहिलं. फार शहाणी ना, कळू दे हिचं हिलाच. चमचा हातातच धरून ती मूग गिळून बसली.

धाकटीनं पाचही कप चाखले आणि तिची गाडी सुटली. फ्लोर काय, मिएल काय! सासरे खूश. मळेवालीनं मात्र स्वतः चमचा उचलला, चौथ्या कपाशी थांबली, पुन्हा चाखलं, आणि या कपात काय आहे असं धाकटीला विचारलं. धाकटी डब्यांकडे बघायला लागली. तिच्या चिठ्ठ्यांवर सगळे गोडच शब्द होते.

"मोओ," थोरली म्हणाली.

मोओ म्हणजे बुरशी. धाकटीला येत नाही असा एक तरी शब्द आपल्याला यावा, म्हणून तिनं तो चोरून पाठ केला होता. मळेवालीनं जोरात होकाराची मान हलवली. थोरली ताठ झाली.

सासऱ्यांची नजर तिच्या हाताकडे गेली.

"मोठ्या सूनबाई, कळलं होतं तर चमचा अजून हातात कसा?"

हे काय म्हणाले, असं मळेवालीनं धाकटीला विचारलं. तेवढे शब्द धाकटीला नक्की येत होते. पण ते न सांगता, थोरलीकडे न बघता ती कप गोळा करायला लागली.