पाओराची पेटी

रविनियानं बोटीची दोरी सोडू दिली नाही. धक्क्यावरच्या तपासणीच्या खोलीचं दार उघडून ती आडवी उभी राहिली.

"पेटी आधी इथं आत."

चार पोरांच्या खांद्यावर बापाची शवपेटी. पाओराला बेटावर पुरायचं होतं आणि तासाभरात ओहोटी लागणार होती. ती लागली की बोट बेटाला टेकत नाही.

"आई, यात बाबा आहेत," टिपेने, तिचा थोरला मुलगा, म्हणाला. "बटाटे नाहीत."

"बेटावर जाणारं सगळं इथं उघडतं. नियम कुणाचा?"

नियम पाओराचाच होता. त्यानं बेटावरचा शेवटचा उंदीर मारला, तेव्हा कुठं काकापोंची पिल्लं जगायला लागली. त्या पोपटांना उडता येत नाही. एक गाभण उंदरीण पोचली की खेळ खलास.

"वहिनी, झाकण लागलंय!" पाओराची बहीण हेराता ओरडली. "लागलेलं झाकण आपल्यात उघडतात का? लाज वाटू दे जरा!"

"वाटतेय. स्क्रू-ड्रायव्हर आण."

पाद्री पुढं सरकला. "रविनिया, मी शेवटची प्रार्थना म्हटलीय."

"परत म्हणा. तोंड झिजतं का?" मग ती थोरल्याकडं वळली. "खाली काय घातलंस त्यांच्या?"

टिपेनेनं मान खाली घातली. "नेच्याचा वाळका पाला. मऊ लागावं म्हणून. आपल्याच शेडमधला."

"म्हणजे उंदरांच्या शेडमधला. आत चल."

पोरांनी पेटी आत टेकवली. टिपेनेला ठेवून बाकीच्यांना बाहेर काढत तिनं दार लावून घेतलं, दाराखालच्या फटीत पोतं कोंबलं. बाहेर हेराता रडत होती, मधेच शिव्या घालत होती. आत दोघांनी झाकण काढून पाओराला उचललं. रविनियानं बूट काढून झटकले, कोटाचे खिसे उलटे केले, अस्तरात बोटं घालून बघितलं. मग पाला उपसला. कवळ्यामागं कवळा, सगळा जमिनीवर पसरून बोटांनी चिवडला.

काही निघालं नाही. ना उंदीर, ना लेंडी.

"बघ!" टिपेनेचा आवाज फाटला. "काय मिळालं तुला? सांग ना!" तो खाली बसून पाला परत गोळा करायला लागला.

रविनियानं त्याचा हात धरला.

"राहू दे. शेडमधलं काही तिकडं जायचं नाही."

"आई, नुसत्या फळीवर?"

"उंदरांमागं बारा वर्षं तिथं खडकावर झोपलेत ते. फळी चालेल त्यांना. झाकण लाव."