हाताला हात

"पाण्यात उतरलीस की खूण दगडाची धर, कापडाची धरू नकोस," झुल्मीराबाई दर उन्हाळ्यात सुनेला बजावायच्या. टेल्मा हसून सोडून द्यायची. सासूबाईंची हयात कोळ्यांच्या घरात गेलेली. त्यांच्याकडे कशालाही म्हण सापडायची, टोमॅटो चिरायलासुद्धा.

त्या दुपारीही त्यांनी तेच सांगितलं. जेवणात खाल्लेली भाजलेली तारली मासळी जिरेपर्यंत तीन तास पाण्यात पाय घालायचा नाही, हा नेम पाळून झाला होता. टेल्माची तान्ही बेंता किनाऱ्यावरच्या कापडी राहुटीच्या सावलीत जाळीखाली झोपली होती.

"जा आता. पोरगी झाल्यापासून खारं पाणी लागलं नाही तुझ्या अंगाला. मी आहे हिच्यापाशी."

"रडली तर?"

"लाल टॉवेल हलवीन."

"तुम्हाला डुलकी लागली तर?"

"तुझ्या नवऱ्यासकट चार वाढवलीत बाई. एकही हरवलं नाही. एक जरासं बिघडलं, ते तुला दिलं."

टेल्माने चष्मा काढून बेंताच्या उशाशी ठेवला, तिच्या टोपीचे बंद परत एकदा तपासले आणि निघाली. मागून सासूबाईंनी आठवण करून दिली, "हात करत जा गं मधूनमधून."

ही त्या गावची जुनी रीत. पाण्यातून कुणी हात वर केला की किनाऱ्यावरच्या बाईने हात वर करायचाच. होड्या जायच्या तेव्हापासूनची. हात बिनउत्तराचा राहिला तर माणूस परत येत नाही म्हणे. टेल्मा आतल्या कोरड्या मुलखातली, वर शिकलेली. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण बेंता झाल्यापासून कुठलीच रीत मोडायची तिची छाती होत नव्हती.

पाणी बोचरं होतं. किनाऱ्यावरचा बावटा पिवळा होता, म्हणजे उभं राहा, पोहू नका. ती छातीभर पाण्यात थांबली आणि मागे वळली. किनाऱ्यावर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या राहुट्यांची रांग धूसर दिसत होती. एकीपुढे सासूबाईंच्या कपड्यांसारखा काळा ठिपका. टेल्माने हात वर केला. ठिपकाही उठला, त्यानेही हात वर केला.

जीव भांड्यात पडला.

शेजारून एक तरुण बाई पोहत आली. तिचा स्विमसूट अगदी टेल्माच्या स्विमसूटसारखाच, कच्च्या बदामाच्या सालीसारखा हिरवा.

"त्या फाटकाजवळच्या दुकानातला ना?" ती हसून म्हणाली. "मला तर म्हणाला, एकच उरलाय."

"मलाही हेच म्हणाला."

"लबाड मेला."

"पुढे जाताय? बावटा पिवळा आहे."

"पिवळाच आहे ना, लाल थोडाच? त्या तरंगत्या बोयांपर्यंत जाते नि येते. घरी पोर एकदा अंगाला चिकटलं की सुटत नाही हो."

टेल्माला हे पटलं. मोठी बाई आहे, आपलं आपण बघेल. टेल्माने परत किनाऱ्याकडे तोंड केलं.

लाटेमागून लाट येत होती. प्रत्येक लाटेबरोबर ती उडी मारायची, थोडी कडेला सरकायची, पुन्हा पाय रोवायची. मग हात. किनाऱ्यावरून हात. क्रीमचे पाव विकणारा ओरडत गेला. पुन्हा हात, पुन्हा उत्तर. सासूबाई चुकत नव्हत्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच टेल्माच्या खांद्यांवरचा ताण उतरला. लाल टॉवेल काही दिसला नाही. लेक शहाण्यासारखी झोपली होती तर.

बोटं सुरकुतली तेव्हा ती बाहेर आली आणि सरळ राहुटीकडे गेली. काळ्या कपड्यातली म्हातारी पाठमोरी बसून अंजीर सोलत होती.

"आलीस? भूक लागली असेल," म्हातारी न वळता म्हणाली. "तुझा लेक झोपलाय अजून."

लेक?

टेल्माने जाळी उचलली. आत एक गुटगुटीत मुलगा अंगठा चोखत होता. उशाशी चष्मा नव्हता.

"माझी बेंता," तिच्या तोंडून कसंबसं निघालं. "माझी बेंता कुठंय?"

तेवढ्यात लांबून, रांगेच्या पार दुसऱ्या टोकाकडून, ओळखीचा खणखणीत आवाज आला. झुल्मीराबाई रडून लाल झालेल्या बेंताला कडेवर घेऊन वाळू तुडवत येत होत्या. खांद्यावर लाल टॉवेल होता.

"कुणाच्या घरात शिरलीस गं? टॉवेल हलवून हलवून हात निखळला माझा. कापडाची खूण धरलीस ना? पाण्याने ओढत आणलं इथवर, पत्ता नाही बाईला."

टेल्माने धावत जाऊन लेकीला छातीशी घेतलं. बेंता कढत होती, ओली होती, तिचीच होती. टेल्माला हसू आलं, रडूही आलं. ती त्या म्हातारीकडे वळली.

"माफ करा हं, आजी. चष्म्याशिवाय मला सगळ्या राहुट्या सारख्याच. तुम्हालाच सासू समजून मघापासून हात करत होते. आणि तुम्ही बिचाऱ्या दर वेळी उत्तर देत होतात."

म्हातारी हसली नाही. तिने टेल्माचा हिरवा स्विमसूट वरपासून खालपर्यंत पाहिला. सोललेलं अंजीर तिच्या हातातून वाळूत पडलं.

"तो हात तुझा होता?" तिने विचारलं. "सगळ्या वेळचा? मला वाटलं, आमचीच."

टेल्मा समुद्राकडे वळली. डोळे बारीक करूनही तिला पांढऱ्या उजेडापलीकडे काही दिसेना. म्हातारीचे डोळेही मोतीबिंदूने दुधाळलेले होते.

"तुम्हाला लांबचं दिसतं ना हो?" टेल्मा येईल त्याला अडवून विचारू लागली. "जरा बघा ना. बोयांच्या पलीकडे हिरवं काही दिसतंय का?"